पुरात ज्येष्ठांचे उपचार अडू नयेत म्हणून: कोल्हापूरकरांसाठी पावसाळ्याआधीची तयारी

कोल्हापुरात किंवा पंचगंगा-कृष्णेकाठच्या गावांत घरातल्या म्हाताऱ्या माणसांची जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर घेतलेल्यांसाठी हा लेख आहे. बदली होऊन इथं आलेले, आई-वडिलांना गावाकडून शहरात आणलेले, पुण्या-मुंबईत राहून फोनवरून सगळं बघणारे, सगळ्यांनाच तो उपयोगी पडेल. आमच्या घरात साखर, बीपी आणि डायलिसिस हे तिन्ही आहे, आणि २०१९ आणि २०२१ हे दोन्ही महापूर आम्ही या माणसांना घेऊन काढलेत. त्यातून जे कळलं ते क्रमानं लिहितो.

आधी मूळ गोष्ट. पुरात उपचार अडतात ते बहुतेक वेळा पैशापायी अडत नाहीत. खिशात मोफत उपचारांचं पाच लाखांचं कार्ड असतं, पण ते चालणारं हॉस्पिटल पाण्यापलीकडं असतं. मेडिक्लेम असतो, पण हप्त्याची तारीख नेमकी पाणी घरात असताना निघून गेलेली असते. कार्ड काढायला ओटीपी लागतो आणि तो ज्या मोबाईल नंबरवर येतो, तो कधीच बंद झालेला असतो. ही सगळी कामं मे महिन्यात, वळवाचा पाऊस पडतोय तोवर, आठवड्याभरात उरकता येतात. पाणी चढायला लागल्यावर यातलं एकही होत नाही.

## १. पाणी आलं तर तुम्ही कोणत्या बाजूला असाल, ते बघा

कोल्हापुरात पुराचं माप म्हणजे राजाराम बंधाऱ्याची पाणीपातळी. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं. जिल्हा आपत्ती व्यवस्थापन कक्ष दिवसातून अनेक वेळा आकडा जाहीर करतो. जुनी माणसं अजूनही शिवाजी पुलावर जाऊन मच्छिंद्री झाली का, म्हणजे पुलाच्या खांबांवरच्या ठरलेल्या जुन्या खुणेपर्यंत पाणी चढलं का, ते बघतात आणि त्यावरून सांगतात. त्यांचं ऐका. पण घरात आजारी माणूस असेल तर निर्णय आकड्यावरच घ्या.

राधानगरी धरणाच्या सात स्वयंचलित दरवाजांपैकी किती उघडले, हेही रोज कानावर पडेल. ते पाणी शहरापर्यंत यायला काही तास लागतात. तेवढीच तुमची सवड.

आता एक कागद घ्या आणि घरापासून हॉस्पिटलपर्यंतचा रस्ता लिहा. तो कुठं पाणी ओलांडतो? शहरात व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली, सुतारवाडा, शुक्रवार पेठ, रमणमळा, कसबा बावड्याचा काही भाग लवकर पाण्याखाली जातो. राजारामपुरी, टेंबलाईवाडीकडचा भाग उंच आहे. रत्नागिरी रस्ता केर्लीजवळ बंद होतो, गगनबावड्याचा बालिंग्याच्या पुढं. ऑगस्ट २०१९ मध्ये शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्गच कित्येक दिवस बंद होता. पन्हाळ्याच्या बाजूच्या गावातल्या माणसाला त्या दिवसांत कोल्हापूर पुण्याइतकंच लांब होतं.

म्हणून प्रत्येक ज्येष्ठासाठी दोन हॉस्पिटलं ठरवा. एक नेहमीचं आणि दुसरं तुमच्याच बाजूचं, जिथं पाणी न ओलांडता पोचता येईल. शिरोळ तालुक्यातल्या बहुतेकांची सवय मिरज-सांगलीची. पण कृष्णा चढली की तो रस्ताही जातो, तेव्हा जयसिंगपूर किंवा इचलकरंजीकडचा पर्याय आधीच पाहून ठेवा. दुसरं हॉस्पिटल ठरवताना तिथं जाऊन एकदा तरी माणसाला दाखवून केस पेपर काढून ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. अनोळखी पेशंट म्हणून अर्ध्या रात्री जाणं आणि फाईल असलेला पेशंट म्हणून जाणं, यात फार फरक पडतो.

## २. आपल्याकडं नेमकं कोणतं कव्हर आहे, ते ओळखा

बहुतेक घरांत सगळ्यात मोठा गोंधळ इथंच असतो. आजीच्या बटव्यात चार कार्डं असतात आणि कुठलं कशाला, ते कुणालाच माहीत नसतं.

आभा कार्ड म्हणजे विमा नव्हे. आभा म्हणजे तुमच्या वैद्यकीय नोंदींचा १४ अंकी ओळख क्रमांक. तो उपयोगी आहे, पण त्यावर एक रुपयाचाही उपचार मिळत नाही. मोफत उपचार मिळतात ते आयुष्मान कार्डावर. दोन्हींची नावं आणि रंगरूप सारखंच वाटतं, त्यामुळं 'आमचं कार्ड काढलंय' म्हणणाऱ्या पुष्कळ घरांत प्रत्यक्षात फक्त आभा असतं. आज घरी गेल्यावर आधी हेच तपासा.

वय ७० किंवा त्याहून जास्त असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड. ऑक्टोबर २०२४ पासून ७० च्या पुढच्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, वर्षाला ५ लाखांपर्यंतचं कव्हर मिळतं. बंगल्यात राहणाऱ्यालाही आणि पेन्शन घेणाऱ्यालाही. आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले जातात, थांबायची मुदत नाही. कागद एकच लागतो, आधार. घरातलं कुटुंब आधीच आयुष्मानमध्ये असेल तर ७० वर्षांपुढच्यांना स्वतंत्र जादा ५ लाख मिळतात आणि ते घरातल्या तरुणांना वापरता येत नाहीत. मात्र नवरा-बायको दोघंही सत्तरीपुढं असतील तर ५ लाख दोघांत मिळून. माणशी ५ लाख समजून हिशेब करू नका.

खासगी मेडिक्लेम असला तरी हे कार्ड काढता येतं. माजी सैनिकांच्या ईसीएचएससारखी सरकारी योजना असेल तर मात्र दोन्हींपैकी एक निवडावं लागतं. सैनिक टाकळीसारख्या गावांत हा प्रश्न घरोघरी येतो. ईसीएचएसमध्ये रोजची औषधंही मिळतात. आयुष्मान मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे. ज्याला रोजच्या गोळ्या भरपूर आहेत त्यानं ईसीएचएस सोडायची घाई करू नये.

कार्ड आयुष्मान अ‍ॅपवरून घरीही निघतं. अडचण येते ती अशी: म्हाताऱ्या माणसांच्या बोटांचे ठसे पुसट झालेले असतात, मशिनवर लागत नाहीत. ओटीपी घ्यावा तर आधारला जोडलेला नंबर जुना असतो, किंवा मुंबईतल्या मुलाचा. आधी आधार केंद्रात जाऊन नंबर बदलून घ्या. तो बदल व्हायला दिवस लागतात. चेहरा दाखवून ओळख पटवायची सोयही अ‍ॅपमध्ये आहे, उजेडात बसवून करा.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. सत्तरीच्या आतल्यांसाठी महाराष्ट्रात हीच मोठी योजना आहे. आता पिवळ्या, केशरी, पांढऱ्या सगळ्या रेशन कार्डांना ती लागू आहे आणि कव्हर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे. रेशन कार्डावरचं नाव आणि आधारवरचं नाव जुळतं का बघा. लग्नाआधीचं-नंतरचं नाव, 'बाई' आणि 'ताई', जन्मसालातला फरक, एवढ्यावर माणसं काउंटरवरून परत आलेली पाहिलीत.

दोन्ही योजनांत आणखी एक गोष्ट विचारायची: हॉस्पिटल योजनेत आहे का, एवढंच नव्हे, कोणत्या आजारासाठी योजनेत आहे? हाडांसाठी योजनेत असलेलं हॉस्पिटल हृदयासाठी असेलच असं नाही. वर ठरवलेल्या दोन्ही हॉस्पिटलांत जाऊन तिथल्या आरोग्यमित्राला हा प्रश्न विचारा. आरोग्यमित्र हा योजनेचा माणूस, दाराजवळच त्याचं टेबल असतं. फुले योजनेचे टोल फ्री नंबर १५५३८८ आणि १८०० २३३ २२००, आयुष्मानचा १४५५५.

## ३. खासगी मेडिक्लेम असेल तर तारीख आणि अटी वाचा

पॉलिसी जुलै, ऑगस्ट किंवा सप्टेंबरात संपत असेल तर मे-जूनमध्येच नूतनीकरण करून मोकळे व्हा. वर्षाच्या हप्त्याला मुदतीनंतर ३० दिवसांची सवलत असते आणि त्यात पैसे भरले तर जुन्या आजारांसाठी थांबायची पुरी केलेली मुदत वाया जात नाही. पण एकदम वर्षाचा हप्ता भरणाऱ्यांना त्या मधल्या दिवसांत कव्हर नसतं. हे लोकांना ठाऊक नसतं. १० ऑगस्टला पॉलिसी संपली, १५ ला आजोबा दाखल झाले आणि २० ला हप्ता भरला, तर ते बिल मिळणार नाही. दर महिन्याला हप्ता भरणाऱ्यांना सवलत १५ दिवसांची असते. बँकेतून आपोआप हप्ता जात असेल तर खात्यात शिल्लक आहे का तेवढं बघा. पूर आला की आधी नातेवाइकांना पैसे पाठवण्यात खातं रिकामं होतं.

नेहमीच्या मेडिक्लेममध्ये पूर हा वेगळा अपवाद नसतो. अडचण दुसरीकडं येते. पुराच्या दिवसांत काही घरं म्हातारं माणूस सुरक्षित राहावं म्हणून त्याला हॉस्पिटलात दाखल करतात. भावना समजते, पण नुसत्या देखरेखीसाठी किंवा आसऱ्यासाठी दाखल केलं तर ना विमा कंपनी पैसे देते ना योजना. दाखल करण्यामागं वैद्यकीय कारण हवं आणि ते डॉक्टरांनी केस पेपरवर लिहिलेलं हवं.

कंपनीच्या यादीतलं हॉस्पिटल पाण्यापलीकडं असेल तर यादीबाहेरच्या हॉस्पिटलातही कॅशलेस मागता येतं. २०२४ पासून विमा कंपन्यांनी तशी सोय सुरू केली आहे. तातडीच्या वेळी दाखल झाल्यापासून ४८ तासांच्या आत कंपनीला कळवावं लागतं आणि हॉस्पिटल नोंदणीकृत असावं लागतं. कंपनी नाही म्हणाली तर बिल भरून नंतर क्लेम करायचा रस्ता आहेच. कळवताना नोंद क्रमांक मागून घ्या, तारीख-वेळेसह कागदावर टिपा. पुढं वाद झाला तर तोच पुरावा.

## ४. कागद: एक पिशवी आणि तीन ठिकाणी प्रती

दप्तराच्या दुकानात मिळणारी बटणाची प्लास्टिक फाईल घ्या, ती चेनच्या जाड पॉलिथिन पिशवीत घाला. त्यात:

- आधार, रेशन कार्ड, आयुष्मान कार्ड, मेडिक्लेमचं कार्ड आणि पॉलिसीचं पहिलं पान
- ईसीएचएस कार्ड किंवा पेन्शनरचं ओळखपत्र, असेल ते
- डॉक्टरांची गेल्या तीन महिन्यांतली चिठ्ठी, शिक्क्यासह
- एका पानावर टाईप केलेली औषधांची यादी: ब्रँड नव्हे, औषधाचं मूळ नाव, डोस, वेळ
- शेवटचं डिस्चार्ज कार्ड, ईसीजी, रक्ताचे रिपोर्ट, स्टेंट किंवा पेसमेकरचं कार्ड
- रक्तगट आणि न चालणारी औषधं
- दोन जवळच्या माणसांचे नंबर, कागदावर
- बँक पासबुकाचं पहिलं पान

औषधाचं मूळ नाव का? कारण पुरात तुमच्या मेडिकलवाल्याकडं नेमका तोच ब्रँड नसतो, निवारा केंद्रातल्या डॉक्टरांकडं तर सरकारी पुरवठ्यातलीच औषधं असतात. मूळ नाव असलं की ते लगेच बदली औषध देऊ शकतात.

सगळ्या कागदांचे फोटो काढून एक प्रत स्वतःच्या फोनवर, एक बाहेरगावच्या नातेवाइकाकडं आणि एक डिजिलॉकरमध्ये ठेवा. फोटो नीट वाचता येतात का, ते घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी दाखवून बघा.

## ५. औषधांचा साठा

नेहमीच्या औषधांचा किमान पंधरा दिवसांचा जादा साठा जूनपासून सप्टेंबरअखेर घरात असू द्या. पूर तीन दिवसांत ओसरला तरी मालाच्या गाड्या यायला पुढं वेळ जातो. २०१९ मध्ये महामार्ग बंद होता तेव्हा शहरात पेट्रोलपासून भाजीपर्यंत सगळ्याची टंचाई झाली होती. औषधं त्याला अपवाद कशी असणार?

डॉक्टरांना एक साधा प्रश्न विचारा: 'यातली कुठली औषधं एक दिवससुद्धा चुकवायची नाहीत?' त्यांच्याकडून त्या नावांवर लाल पेनानं खूण करून घ्या. साधारणपणे इन्सुलिन, फिट्सच्या गोळ्या, पार्किन्सनची औषधं, रक्त पातळ करणारी औषधं, स्टेरॉइड, हृदयाच्या ठोक्यांची औषधं या यादीत येतात. व्हिटॅमिनच्या गोळ्या संपल्या तर दोन आठवडे काही बिघडत नाही. घाईत घर सोडताना दहा डब्यांतून काय उचलायचं, ते लाल खुणेवरून कळतं.

झोपेच्या आणि मानसिक आजारांच्या गोळ्या चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत आणि मिळू नयेतही. त्या अचानक बंद झाल्या तर म्हातारं माणूस फार बिथरतं. त्यांची ताजी चिठ्ठी जूनच्या पहिल्या आठवड्यात करून घ्या.

इन्सुलिनबद्दल सविस्तर, कारण यावर भीती फार आहे. वीज गेली, फ्रीज बंद पडला की घरचे घाबरून बर्फ शोधत सुटतात. वापरात असलेली बाटली किंवा पेन साधारण २५ ते ३० अंशांपर्यंतच्या तापमानात बाहेर ४ आठवड्यांच्या आसपास चांगलं राहतं. नेमका काळ कंपनीनुसार बदलतो, तो खोक्यावर लिहिलेला असतो. जुलै-ऑगस्टात कोल्हापूरची हवा थंडच असते, त्यामुळं घरातला सावलीचा कोपरा पुरतो. न उघडलेल्या बाटल्याही फ्रीज बंद पडल्यावर लगेच फेकायच्या नाहीत. त्या कोणत्या दिवशी बाहेर काढल्या ती तारीख चिकटपट्टीवर लिहा आणि तिथून मुदत मोजा. इन्सुलिन थेट बर्फाला लावू नका, गोठलं की निकामी होतं. पुराच्या पाण्यात बुडालेली बाटली वरून कितीही स्वच्छ दिसली तरी वापरू नका. गोळ्यांच्या भिजलेल्या पट्ट्यांचंही तेच. साखर तपासायच्या पट्ट्यांना दमटपणा चालत नाही, डबीचं झाकण घट्ट लावा, नाहीतर आकडा खोटा येतो आणि त्यावर इन्सुलिन दिलं जातं.

पिशवीत साखरेचे खडे किंवा ग्लुकोजची पुडी हवीच. निवारा केंद्रात जेवण उशिरा येतं, आणि आजींनी सवयीनं वेळेवर इन्सुलिन घेतलेलं असतं. जेवणाचं ताट समोर आल्याशिवाय इन्सुलिन द्यायचं नाही, एवढा एक नियम घरातल्या प्रत्येकाला पाठ करून ठेवा.

## ६. डायलिसिस आणि ऑक्सिजन असलेल्यांनी सगळ्यांत आधी हलायचं

बाकी आजारांत दोन दिवस इकडंतिकडं झालेले निभावतात. इथं निभावत नाहीत.

डायलिसिस बंद पडायला केंद्रात पाणी शिरावं लागत नाही. एका वेळच्या डायलिसिसला शंभर लिटरच्या वर शुद्ध केलेलं पाणी लागतं. २०१९ च्या पुरात शिंगणापूर, बालिंगा इथली उपसा केंद्रं पाण्यात गेली आणि शहराचा पाणीपुरवठा थांबला. म्हणजे नदीपासून लांब, उंचावर असलेलं केंद्रही पाण्याअभावी अडू शकतं. म्हणून मे महिन्यात तुमच्या केंद्राला तीन प्रश्न विचारा: टँकरची सोय आहे का, जनरेटर किती तास चालतो, आणि बंद पडलं तर पेशंट कुठं पाठवता. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं केंद्र आधीच शोधा.

दुसऱ्या केंद्रात घेतलं जावं म्हणून एक डायलिसिस चिठ्ठी मागून घ्या. त्यात आठवड्यातले दिवस, किती तास, कोरडं वजन (अंगातलं जादा पाणी काढल्यावरचं), फिस्टुला की कॅथेटर (रक्त कुठून घेतात ते), कोणता डायलायझर (रक्त गाळायची नळी), हेपॅरिनचा (रक्त गोठू नये म्हणून द्यायच्या औषधाचा) डोस, आणि कावीळ बी, कावीळ सी व एचआयव्हीचे ताजे रिपोर्ट हवेत. हे रिपोर्ट नसतील तर नवं केंद्र मशिन द्यायला कचरतं, आणि पुरात लॅब शोधत कोण फिरणार?

पाणी ३५ फुटांच्या पुढं चढत असेल आणि पाऊस थांबत नसेल तर पुढचा डायलिसिस एक दिवस आधी करता येईल का, ते डॉक्टरांना विचारा. शक्य असेल तर उंच भागातल्या नातेवाइकाकडं, केंद्राच्या जवळ, मुक्काम हलवा. खाण्यावरही लक्ष ठेवा. मदतीला येणाऱ्या पाकिटांत केळी असतातच. केळी, नारळपाणी, बटाटा, टोमॅटो, डाळी यांत पोटॅशियम जास्त असतं आणि डायलिसिस लांबला तर ते थेट हृदयावर येतं. प्रेमानं केळं हातात देणाऱ्या प्रत्येकाला हे सांगावं लागतं. पाणी किती प्यायचं तेही डॉक्टरांकडून लिहून घ्या.

ऑक्सिजन. घरी कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारं मशिन) असेल तर तो विजेवर चालतो, आणि पाणी वस्तीत शिरलं की महावितरण सुरक्षेसाठी वीज बंद करते. ५ लिटरचं मशिन साधारण ३०० ते ३५० वॉट खातं. घरातल्या १५० एएचच्या एका बॅटरीवर ते चार तासही धड चालत नाही, बॅटरी जुनी असेल तर आणखी कमी. म्हणून सिलिंडर हवा. हिशेब सोपा आहे: लहान बी टाईप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर असतो, मिनिटाला २ लिटर लावला तर साडेबारा तास जातो. मोठ्या जंबोत साधारण ७,००० लिटर, म्हणजे त्याच वेगानं दोन दिवसांहून थोडा जास्त. जंबो जिन्यावरून उतरवणं दोघा गड्यांचं काम आहे, हे लक्षात ठेवून वेळेत निघा. सिलिंडरजवळ देवाचा दिवा, मेणबत्ती काहीही नको. वीज गेलेल्या घरात हीच चूक होते.

## ७. कधी निघायचं, कुठं जायचं

प्रशासन घर सोडायला सांगेल तेव्हा धडधाकट माणसांनी निघावं. घरात अंथरुणाला खिळलेलं, व्हीलचेअरवरचं किंवा डायलिसिस-ऑक्सिजनवरचं माणूस असेल आणि तुमचा भाग पाण्याखाली जाणारा असेल, तर ३९ फूट हाच तुमचा निघायचा आकडा. रस्त्यावर रिक्षा चालते तोवर जाणं आणि नावेतून जाणं यांची तुलनाच होत नाही. नावेत व्हीलचेअर नीट बसत नाही, माणसाला खुर्चीसकट उचलावं लागतं, आणि ज्याच्या कमरेचं हाड आधीच मोडलेलं आहे त्याला ते झेपत नाही.

गावाकडं आणखी एक गाठ असते. आजोबा म्हैस सोडून निघत नाहीत. चिखली-आंबेवाडीपासून शिरोळपर्यंत हीच गोष्ट. त्यांच्याशी वाद घालण्यात रात्र घालवू नका. जनावरं आधी हलवायची सोय करा, पाहुण्यांच्या दावणीला त्यांच्याकडं कोण बघणार ते ठरवा, मग आजोबा निघतात.

जागा निवडताना नातेवाइकाचं घर आणि निवारा केंद्र यांत शक्यतो घर निवडा. कमोड, पलंग आणि रात्री अंधारात धडपडू नये म्हणून उजेड, या तीन गोष्टी केंद्रात मिळणं अवघड असतं. केंद्रातच जावं लागलं (सुतारवाड्यातल्या लोकांची सोय चित्रदुर्ग मठात होते, चिखलीतले लोक सोनतळीला जातात) तर पोचल्या पोचल्या तिथल्या आरोग्य पथकाच्या वहीत नाव, आजार आणि चालू औषधं लिहून घ्यायला लावा. 'बरं आहे सगळं' असं सांगायची आपल्या माणसांना सवय असते. त्यांना बोलू द्या, पण नोंद तुम्ही करा.

सोबत घ्या: चष्मा, कवळी, कानाचं मशिन आणि त्याचे सेल, काठी, डायपर, कॅथेटरची जादा पिशवी, पॉवर बँक, बॅटरी. विसराळूपणाचा आजार असेल तर नाव आणि तुमचा नंबर लिहिलेली चिठ्ठी कपड्याच्या आतून शिवा. अनोळखी जागी ही माणसं रात्री उठून चालायला लागतात.

## ८. प्रकृती बिघडली तर फोनचा क्रम

१०८ ला रुग्णवाहिका. गाडी पोचूच शकत नसेल, नाव लागणार असेल तर १०७७, जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष. सांगताना असं सांगा: 'माणूस ७८ वर्षांचा, चालता येत नाही, दम लागतोय, पाणी पहिल्या पायरीवर, घर अमुक तालमीमागं.' 'लवकर या' एवढ्यानं पथकाला काहीच कळत नाही. नुसता सल्ला हवा असेल तर १०४, आणि मोबाईलला रेंज असेल तर ई-संजीवनीवर सरकारी डॉक्टरांशी बोलता येतं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइन आहे.

हॉस्पिटलात पोचल्यावर उपचार सुरू करायला सांगा आणि लगेच आरोग्यमित्राला गाठा. तातडीच्या वेळी तो फोनवरून योजनेकडं सूचना नोंदवतो, कार्ड नंतर दाखवता येतं. कार्ड घरी पाण्यात आहे म्हणून योजना सोडून रोखीनं दाखल होऊ नका. एकदा रोखीचा पेशंट म्हणून फाईल बनली की ती योजनेत वळवणं फार जिकिरीचं होतं. योजनेच्या उपचारासाठी वेगळे पैसे मागितले तर पावती मागा आणि १५५३८८ वर तक्रार नोंदवा.

काहीच सुचत नसेल तर सीपीआर, म्हणजे कोल्हापुरातलं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय. सरकारी रुग्णालय आहे, कार्ड असो नसो दारात कुणाला अडवत नाहीत.

## ९. पाणी ओसरल्यावर

घर धुवायला म्हाताऱ्यांना नेऊ नका, आठवडाभर तरी नाही. साखर असलेल्या माणसाच्या पायाला चिखलातली लहानशी काच लागली तरी ती पुढं महिनाभर पुरते. पुराच्या पाण्यातून चाललेल्यांना लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) भीती असते. आरोग्य पथकं त्यासाठी डॉक्सिसायक्लिन देतात, पण ज्येष्ठांनी आपल्या चालू गोळ्या दाखवूनच ते घ्यावं. पाणी उकळून किंवा मेडिक्लोर (पाणी शुद्ध करायचं क्लोरीनचं औषध) घालून प्या. जुलाब लागले तर ओआरएस, पण हृदय आणि किडनीच्या पेशंटनं किती प्यायचं ते डॉक्टर ठरवतील. जुलाब-उलट्या चालू असताना बीपीची आणि लघवी होण्याची गोळी तशीच चालू ठेवायची का, हा फोन त्याच दिवशी करा. अडगळीत साप निघतात. चावला तर थेट सरकारी रुग्णालय गाठा, तिथं लस असते.

ताप आला, अंग दुखतंय, लघवी कमी झाली, डोळे पिवळे दिसतात, यातलं काहीही पुरानंतरच्या महिनाभरात झालं तर 'पुरात भिजले होते' हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. ते सांगितलं नाही तर साधा ताप समजून दिवस जातात.

बिल भरून उपचार घेतले असतील तर मूळ बिलं, पावत्या, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्ड पॉलिसीत दिलेल्या मुदतीत कंपनीकडं द्या. पुरामुळं उशीर झाला तर तसं लेखी अर्जात लिहा आणि तलाठ्याच्या पंचनाम्याची प्रत जोडा. कागद भिजून गेले असतील तर हॉस्पिटलच्या रेकॉर्ड विभागाकडं शिक्का मारलेली दुसरी प्रत मागता येते. आधी कंपनीच्या तक्रार विभागाकडं लेखी तक्रार करा. तिथं दाद लागली नाही तर विमा नियामकाचा नंबर १५५२५५. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं अर्ज करता येतो. त्याला फी नाही आणि वकीलही लागत नाही. कंपनीचं शेवटचं उत्तर मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत अर्ज जायला हवा, म्हणून ते पत्र ज्या पाकिटातून आलं ते पाकीटसुद्धा तारखेच्या शिक्क्यासाठी फाईलला लावून ठेवा.